गाडीतली शेगडी

अकोला, मे १९६४, मंगळवार

ही जुनी विलायती गाडी घेतली ती तिच्यातल्या थंड हवेच्या यंत्रासाठी, आणि यंत्र फेकतं गरम हवा! पंधरा दिवस मी पुस्तकं चाळली, मुंबईला पत्रं लिहिली. आज जठारपेठेतल्या रहीममिस्त्रींनी चालू इंजिनाच्या एकेका नळीवर तळहात ठेवला. नाडी पाहावी तसा. मग हसले.

"डॉक्टरसाहेब, थंडी बराबर बनून राहिली. पन गाडी थंड मुलखातली, तिच्यात शेगडीबी हाये. इंजिनाचं गरम पानी तिच्यात सोडनारी तोटी उघडीच राह्यली."

तोटी फिरवली, गार झुळूक आली. अकोल्यात, भर मे महिन्यात, मी शेगडी पेटवून फिरत होतो! काय माणूस. नुसता तळहात.

आणि मी? सकाळी दवाखान्यात हिवरखेडच्या एक बाई पोट दुखतं म्हणाल्या, तर पोटाला हात न लावताच औषध लिहून दिलं. उद्या गाडी काढून मीच हिवरखेडला जातो.