काकांसमोर न वाचलेला फॉर्म

हर्नडन, मार्च १९८६

श्री. राजाराम दिघे यांस,

आजपासून ‘काका’ बंद.

तुमच्या शाळेत आठ वर्षं मी या देशात नव्याने आलेल्यांना इंग्रजी शिकवलं. शाळा बंद करताना तुम्ही हातात साडी ठेवलीत. आज सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात कळलं, माझ्या पेन्शनसाठी तुम्ही एक डॉलरही भरला नाहीत. तुमच्या कागदांत मी नोकरीला नव्हतेच!

न वाचता सही करू नका, असं विद्यार्थ्यांना मीच बजावायचे. मी नोकरीला नाही असं लिहिलेल्या तुमच्या फॉर्मवर मात्र न वाचताच सही केली. काकांसमोर कागद वाचत बसणं उद्धटपणाचं वाटलं.

‘तू घरचीच’ म्हणायचात. घरच्यांना काही द्यावं लागत नाही, नाही का?

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. रविवारी मराठी मंडळात भेटलात की सवयीने वाकून नमस्कारच करीन. संताप त्याचाच येतोय.

घरची नव्हे, तुमची नोकर,
अंजना