अर्ध्या वाटेवरचे ओले मोजे

२ मार्च, सोमवार

मोजे ओलेच. सलग कितवा दिवस, मोजणं सोडलं. दोरीवर दोन-दोन दिवस असतात, ऊन असतं, वारा असतो — तरी सकाळी हात लावला की गार आणि ओले. बाकीच्यांचे वाळतात. माझेच नाहीत.

हा चौथा देश. चारही देशांत माझे मोजे वाळलेले नाहीत. हवेला दोष देणं आता कठीण होत चाललं आहे.

आमच्या चर्चचे पाच जण सेवेच्या दौऱ्यावर: अकरा महिने, सात देश. चौदा तारखेला अर्धी वाट संपते. त्या दिवशी सकाळी दहाला दोन गोष्टी व्हायच्या आहेत. प्रत्येकाने साक्ष द्यायची — या प्रवासात प्रभूने माझ्यात काय केलं. आणि चिठ्ठ्या उघडायच्या. मला दोन्हींची धास्ती.

चिठ्ठ्यांचं असं. निघायच्या दिवशी पाळकसाहेबांनी आपली टोपी उलटी केली आणि तीत पाच जणांसाठी पाच चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येकाने एक उचलायची, कुणाला दाखवायची नाही. जे नाव येईल त्या माणसासाठी रोज प्रार्थना करायची, शिवाय त्याची लहानसहान कामं गुपचूप करायची. गुप्त सोबती. मी माझी चिठ्ठी उघडली. माझंच नाव!

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बस हॉर्न देत होती, पाळकीणबाई रडत होत्या, आणि बाकीचे चौघं आपापली चिठ्ठी इतक्या गंभीरपणे घडी करत होते की मीही केली. गेले पाच महिने मी माझी गुप्त सोबतीण आहे. कुणाला पत्ता नाही.

म्हणजे हिशेब सरळ आहे. बाकीचे चौघं एकमेकांच्या वाट्याला. माझ्यासाठी प्रार्थना करणारी मी एकटी. आणि मी त्या कामात फारशी हुशार निघालेली नाही.

३ मार्च, मंगळवार

चहा. आम्ही उतरलोय त्या हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात पाच वेगवेगळ्या रंगांचे कप. माझा हिरवा, कान तुटका. एक घोट घेतला आणि दात शिवशिवले. हा चहा नव्हे, पाक!

चहा सिस्टर करतात. सिस्टर म्हणजे आमच्या नर्सबाई. निवृत्त आहेत, पण हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं.

“सिस्टर, साखर किती घालता?”

“दोन चमचे. तुला दोन लागतात ना? मग!” आणि पातेल्यात तोंड घातलं.

पेटीमास्तर ओट्यापाशी उगाचच उभे होते. शीळ वाजवत. पेटीमास्तर आमची गाणी बसवतात. हार्मोनियम पाठीवर घेऊन हिंडतात आणि साठीतही शीळ वाजवून वेळ मारून नेतात.

बाकीच्यांनी तोच चहा मिटक्या मारत घेतला. माझ्याच जिभेत काहीतरी बिघाड.

५ मार्च, गुरुवार

वरच्या खोलीतून खाली मुक्काम हलवला. छप्पर गळतं म्हणून. पुन्हा ते सामानाचं नाटक.

माझे पाच नग. मोठी बॅग, वळकटी, पुस्तकांची पेटी, डबा, छत्री. प्रत्येकावर इंग्रजीत एकेक नाव डकवलेलं. निघताना माझी पाठ धरली होती. बस सुटता सुटता सुतारदादांनी घाईघाईने ही नावं चिकटवली. पाळकसाहेब म्हणाले, “ज्याचं नाव, त्याने उचलायचं!” तेव्हापासून बॅग सिस्टर उचलतात, वळकटी सुतारदादा, पुस्तकं पेटीमास्तर, डबा स्वतः पाळकसाहेब. माझं नाव छत्रीवर. चार देश मी एक छत्री घेऊन ओलांडले. पाठ दुसऱ्याच आठवड्यात बरी झाली होती, पण सांगायचा मुहूर्त काही लागला नाही.

जिन्यात सिस्टरचा तोल सुटला. बॅगेचा नव्हे, त्यांचा.

“हिच्या बॅगेत दगड आहेत का? मी हिची बॅग वाहते, आणि माझ्यासाठी? पाच महिन्यांत माझ्या गुप्त सोबत्याने इकडची काडी तिकडे केलेली नाही!”

“माझीही तीच गत,” पेटीमास्तर म्हणाले. “माझा बहुतेक निघतानाच वारला.”

“निघताना पाच होतो. आताही पाच आहोत,” सिस्टर म्हणाल्या.

“मग मेल्यावरही आपल्याबरोबर फिरतोय. निष्ठा बघा!”

पाळकसाहेब खाकरले. “सेवा मुकी असते, सिस्टर.”

“मुकी असू दे. पांगळी का?”

हे म्हणताना माझ्याकडे का पाहिलं? चिठ्ठीत मला त्या आलेल्याच नाहीत. मला मीच आले आहे. पण तोंड असं झालं की कुणीही मलाच पकडावं.

६ मार्च, शुक्रवार

अपराधी वाटून सिस्टरचा चष्मा गुपचूप पुसला. भिंगावर चरा पडला. दिवसभर त्या सगळ्यांना विचारत होत्या, “तुमच्या कपाळावर केस चिकटलाय का?”

८ मार्च, रविवार

मुलांसाठी बायबलमधल्या माशाचं नाटक. सुतारदादांनी मोडक्या बाकांच्या पट्ट्यांचा सांगाडा केला, वर दोन चादरी. शेपटी सिस्टर. माशाच्या पोटातले आवाज पेटीमास्तरांकडे. मी तो माणूस — ज्याला देवाने एका दिशेला पाठवलं आणि ज्याने उलट दिशेचं जहाज पकडलं.

माशाने मला गिळण्यापर्यंत सगळं बरं झालं. मग चादरीची गाठ सुटेना. पाळकसाहेब बाहेरून तिसऱ्यांदा गरजले, “आणि माशाने त्याला कोरड्या जमिनीवर टाकलं!” मासा काही टाकेना. पेटीमास्तरांनी वेळ मारायला पेटीवर ढेकर काढली. मुलं लोळायला लागली. दुसरी ढेकर काढली. शेपटी म्हणाली, “आता पुरे, मास्तर, त्याला अपचन नाही झालेलं!”

मग मुलं एका सुरात काहीतरी ओरडायला लागली. हॉल झाडणाऱ्या मावशी आमच्या दुभाषी, त्यांनी चादरीला तोंड लावून मला सांगितलं, “म्हणतायत, राहू द्या त्याला आत. त्याला जायचंच नव्हतं ना?”

आत साबणाचा वास होता. उजेड पांढरा, मऊ. कुणी काही विचारत नव्हतं. पाच महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

ही साक्ष म्हणून सांगता येणार नाही.

९ मार्च, सोमवार

ताईचा निरोप. “शाळेत तुझी जागा अजून रिकामी आहे. हेडबाईंना शनिवारपर्यंत उत्तर हवंय. नंतर नाही. हट्ट पुरे झाला, ये आता.”

हट्ट नव्हता. निघायच्या आधी एका रविवारी उपासनेत विचारलं, कोण जाईल? माझा हात वर गेला. तो प्रभूने वर केला की खांदा आखडला होता, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

सिस्टरनी आतापर्यंत शेकड्यांनी लोकांचं ब्लडप्रेशर मोजलं. सुतारदादांनी गावोगावचे बाक सरळ केले. पेटीमास्तरांची गाणी मुलं रस्त्यात म्हणतात. मी मुलांना अक्षरं शिकवते. आमची बस सुटेपर्यंत ती विसरलेली असतात, हे मी खिडकीतून पाहिलं आहे. माझ्यात काही झालं का? मोजे ओले झाले.

मी नसले तर काय अडेल? छत्री कुणीही उचलेल.

१० मार्च, मंगळवार

सकाळी स्वतःसाठी प्रार्थना केली. “प्रभू, हिचं काहीतरी कर.” जरा मोघम वाटलं. पुढे सुचेना. आमेन म्हटलं.

११ मार्च, बुधवार

माझे बूट तपकिरी आहेत. होते. आज दारात एक तपकिरी आणि एक काळा.

सुतारदादा ओसरीत रंधा मारत बसलेले. दिवसाला पाचसहा शब्द बोलतात, तेही लाकडाशी. बोटं काळी.

“दादा, माझ्या बुटाला काय झालं?”

“चमकतोय.”

“काळा चमकतोय.”

त्यांनी नीट पाहिलं. “चमकतोय ना?”

दिवसभर तसेच घातले. मुलांना वाटलं आमच्याकडची पद्धत. संध्याकाळपर्यंत दोघांनी एकेका पायात आईची चप्पल घातली होती.

१२ मार्च, गुरुवार

ठरलं. शनिवारी सकाळी सातची बस. ती विमानतळाच्या गावाला जाते. बसचं तिकीट काढलं — लांबलचक कागद, एका बाजूला छापलेलं, मागे कोरं. ताईला कळवलं, येते. दहा वाजता ते चिठ्ठ्या उघडतील तेव्हा मी तीन तास लांब असेन. माझ्या हातात माझंच नाव बघून सिस्टर काय म्हणाल्या असत्या, हे ऐकावं लागणार नाही.

तोंडावर सांगणार नाही. पत्र ठेवीन, पाळकसाहेबांच्या टोपीखाली. टोपीशिवाय ते दाराबाहेर पडत नाहीत.

भ्याडपणा आहे. माहीत आहे.

१३ मार्च, शुक्रवार

पाळकसाहेबांनी विचारलं, “साक्ष तयार आहे का, पोरी?”

“लिहितेय.”

खोटं नव्हतं. लिहीत होतेच.

१४ मार्च, शनिवार, सकाळ

बसस्थानक. बाकावर बसून लिहिते आहे. बस गेली.

बॅग, वळकटी, छत्री एवढंच घेतलं. पुस्तकं मुलांना ठेवली. बॅग इतकी जड आहे हे मला आज कळलं. पहिल्या वळणावर टेकले, दुसऱ्या वळणावर टेकले. सिस्टरचं वय सदुसष्ट.

खिडकीतल्या कारकुनाने बॅग वजनावर घेतली. नाव वाचलं. माझ्या पासपोर्टवरचं नाव वाचलं. पुन्हा बॅगेवरचं. मग वळकटीवरचं, ते तिसरंच.

मोडक्या इंग्रजीत म्हणाला, “ही बॅग या बाईंची. हे गाठोडं या माणसाचं. तुमचं काय?”

मी छत्री दाखवली.

“छत्री जाऊ शकते,” तो म्हणाला.

मी सांगितलं, सगळं माझंच आहे. ही नावं फक्त उचलणाऱ्यांची. त्याने माझ्याकडे असं पाहिलं! “तुमचं सामान, आणि उचलणार दुसरे. ते दुसरे कुठे आहेत?”

“मुक्कामावर.”

“त्यांना माहीत आहे का, तुम्ही निघालात ते?”

माझ्या मागे रांग. कुणीतरी हसलं. कारकून वाईट नव्हता. त्याने खिडकीच्या वरचा नियम दाखवला: नावाचा माणूस हजर हवा. बॅग उचलून माझ्या पायांशी ठेवली, वर वळकटी. खाली त्याला एक तपकिरी आणि एक काळा बूट दिसला. मग त्याने रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावलं.

आठ वाजले. पुढची बस दुपारी. सिस्टरना इथे आणावं लागेल. म्हणजे सांगावं लागेल.

टेकत टेकत परत.

१४ मार्च, दुपार

पाळकसाहेबांच्या डोक्यावर टोपी, खिशातून पत्राचं टोक बाहेर. ते एवढंच म्हणाले, “आधी चहा घे.” मी घेतला नाही. कुणी काही विचारायच्या आत माझी चिठ्ठी टेबलावर ठेवली. “मला मीच आले होते. पहिल्या दिवसापासून.”

कुणी हसलं नाही. सिस्टरनी आपली चिठ्ठी उघडून शेजारी ठेवली. माझं नाव. पेटीमास्तरांनी ठेवली. माझं नाव. सुतारदादा. पाळकसाहेब. एकच हस्ताक्षर, पाच वेळा मी.

मग पाळकसाहेबांना आठवलं, पाळकीणबाईंनी निघताना दोन पाकिटं दिली होती. एकात टोपीसाठी पाच जणांची पाच नावं. दुसऱ्यात माझ्या पाच नगांसाठी माझं नाव पाचदा. एक पाकीट सुतारदादांच्या हाती गेलं, एक टोपीत. उलटं.

म्हणजे माझ्या कपात साखर दोन चमचे, चार वेळा. बुटांना पॉलिश चौघांचं. मोजे वाळले की कुणीतरी गुपचूप उचलायचं आणि पुन्हा धुवायचं. आणि रोज सकाळी चार माणसं, चार कोपऱ्यांत, डोळे मिटून.

पहिलं कोण बोललं? सिस्टर. “तरीच! मला वाटायचं, मी एकटीच हिच्यासाठी मरतेय!”

पाळकसाहेबांनी टोपी काढली. म्हणाले, नवीन चिठ्ठ्या करू, कुणाकडे कागद आहे का? कुणाकडे नव्हता.

मी बसचं तिकीट दिलं. मागे कोरं आहे. पाच तुकडे बरोबर झाले.