भुसाच्या खोलीतली मांजर

मळ्यातलं घर, जाफराबाद
३ डिसेंबर २०२४

माझी शालूताई,

रेणूचा पाया पडून नमस्कार. दाजींना नमस्कार सांग, पायलची पापी घे. तू म्हणशील, ही बया फोन सोडून कागद का खरडून राह्यली? फोन आत्याबाईंनी पत्र्याच्या पेटीत टाकला. मोबाईलनं पोटातल्या लेकराला झळ लागते म्हणे. हो ताई, दिवस गेलेत मला. तिसरा लागला. आता लगेच रडू नको.

मी मजेत आहे. ताजी भाकर, दूध, तूप सगळं जाग्यावर मिळतं. हे दिवाळी झाली की ट्रॅक्टर घेऊन अंकुशनगरला कारखान्यावर गेले, ऊस वाहायला. त्यांना एवढंच ठाऊक आहे की बायको बराबर आहे अन् आईच्या नजरेखाली आहे. बाजरी लय चांगली आली औंदा. तुझ्या सासूचे गुडघे कसे आहेत?

मला मागच्या खोलीत ठेवलंय. सोयाबीनचं भुसकट ठेवतो ना आम्ही, ती खोली. अर्धी भुसानं भरलेली, अर्ध्यात माझी बाज. मागच्या साली माझं पोट पडलं तेव्हापासून आत्याबाईंच्या मनानं धसकाच घेतला. रस्त्यावरच्या माणसाची नजर नको, सावली नको, म्हणून मागची खोली. बाहेरून कडी. सकाळ-संध्याकाळ हात धरून बाहेर नेतात, हात धरूनच आत आणतात. त्या वाईट असत्या ना ताई, तर मी दोन शब्द ऐकवून मोकळी झाले असते. तुला माझं तोंड ठाऊकच आहे. पण त्या माझ्या पायाला तेल लावतात अन् लावता लावता डोळे पुसतात. अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

खोलीत मी एकटी न्हाई. भुसात मांजर व्यालीय. आत्याबाई एवढ्या खूश झाल्या, काय सांगू! जिथं मांजर व्याली तिथं पाळणा हलतो, असं त्यांच्या माहेरात म्हणतात म्हणे. मांजरीला माझ्याच बाजेखाली दूध ठेवतात. हाकलायची तर बातच न्हाई.

तुला आमच्या शेळ्यांचं सांगायचं राहिलं. दसऱ्याच्या मागंपुढं एकामागून एक गाभडल्या. मेलेली करडं मीच ओढून काढली, मोकळ्या हातानं. आमच्यात ते काम सुनेचंच, हात बारीक असतो म्हणून. जनावरांच्या दवाखान्यातल्या मीना मॅडम आल्त्या. हातमोजे घालून त्यांनी एक करडू पिशवीत भरून नेलं, तपासायला. मंग फोनवर मला सांगितलं, एका पेशीचा जीव आहे, डोळ्याला दिसत न्हाई. त्याची पिलावळ फक्त मांजराच्या आतड्यात होते. मांजर घाण करते, ती भुसकटात मिसळते, शेळ्या खातात अन् गाभडतात. माणसाला बी होतो, हाताची घाण तोंडात गेली तरी पुरे. एकदा अंगात शिरला की मांसात बारीक पिशवी करून आत बसून राहतो, वर्षानुवर्षं. बाहेर यायला त्याला वाटच न्हाई.

"रेणू, तुला दिवस तर न्हाईत ना?" मॅडमनी विचारलं. मी हसले. "न्हाई हो मॅडम," म्हणाले. मला तरी कुठं ठाऊक होतं तेव्हा!

दिवस गेलेले कळल्यावर मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "डोळ्याला दिसत न्हाई त्याला काय भ्यायचं? अन् माझ्या सुनेत किडे न्हाईत." वरून माझ्यावरून मीठ उतरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी फोन पेटीत गेला.

ताई, वर मजेत आहे म्हणून लिहिलं ते खोटं. करडं काढल्यावर काही दिवसांनी अंगात कणकण होती. मानेला, कानामागं गाठी आल्या, त्या अजून हाताला लागतात. मॅडम म्हणाल्या होत्या, हा रोग बाईला लहानपणीच होऊन गेला असेल तर लेकराला सहसा काही होत न्हाई. पण पोटात लेकरू असताना पहिल्यांदा झाला तर लेकराच्या डोळ्यांत उतरतो, मेंदूत उतरतो. जुना का नवा ते रक्त तपासल्यावर कळतं. नवा निघाला तर गोळ्या आहेत, पण जल्दी सुरू कराव्या लागतात. मी इथं बसून मानेवरच्या गाठी चाचपून राह्यले. लय भ्या वाटतं गं.

आता ऐक. तिसऱ्या महिन्यात माहेरची चोरचोळी येते. ती घेऊन ये. त्याला आत्याबाई बिलकुल न्हाई म्हणणार न्हाईत, उलट रोज विचारतात, बहीण कधी येती म्हणून. चोळी भरली की पोरीचा एक मुक्काम माहेरच्या माणसाकडं, ही आमच्यातली रीतच आहे. तेवढा मुक्काम मला पुरे. सकाळी उठून नवीन जालन्यात बाळंतपणाच्या डॉक्टरकडं जाऊ. आत्याबाईंशी भांडू नको, रक्ताचं नाव काढू नको. त्या रडायला लागल्या तर माझाच पाय निघणार न्हाई. माझं मला ठाऊक आहे.

मालनबाई कासारीण मला हिरव्या बांगड्या भरून बाहेर आत्याबाईंशी चहा घेत बसलीय. उद्या ती माल आणायला तुमच्या जालन्याला चाललीय. जाताना पाण्याच्या निमित्तानं आत येईल, तेव्हा हा कागद तिच्या पिशवीत टाकीन.

परवा मी फडक्यानं धरून सगळी पिल्लं खिडकीतून बाहेर ठेवली. मांजरीनं मानेला धरून एकेक परत आत आणलं. खिडकीतून जाते, खिडकीतून येते, तिला कोणी अडवत न्हाई. मी गजाला धरून बघत राहिले.

चोळी हिरवी मिळाली न्हाई तर कोणत्याही रंगाची आण. पण ये.

कडीच्या आतून,
तुझी रेणू

ता. क. पायलला सोबत आणू नको. तिला मांजराची पिल्लं लय आवडतात.