शनीवरचा आवाज कोणाचा, याबद्दल

मी, कु. कस्तुरा जोतीराम थिटे, वय चोवीस, बी.एस्सी., शाळेत शिक्षिका, राहणार साखर पेठ, सोलापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. येत्या मंगळवारी मुंबईत माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टरांना आशा आहे, मलाही आहे. तरी आमच्या घरात शिकलेली मी पहिलीच. कागद नीट करून जाणे मला येते, म्हणून करते.

१. घर भाड्याचे आहे. पोस्टातील बचत आई सारजाबाई हिला मिळावी. सायकल भाऊ हणमंत याला. त्याने तिला घंटी बसवावी. मी तोंडाने ओरडत जात असे, ते त्याला शोभणार नाही. पदवीचे प्रमाणपत्र आईच्या पेटीतच राहू द्यावे. ती अधूनमधून ते उलटे धरून पाहते. तेव्हा कोणी हसू नये.

२. भौतिकशास्त्राची पुस्तके शाळेला द्यावीत. समासात मी गाणी लिहिली आहेत, ती खोडू नयेत.

३. ती गाणी म्हणजे ‘शनीची कडी’. विलायती रॉकच्या धाटणीची, पण मराठी. गाणी सात आणि गोष्ट एकच. मागावरच्या कांड्या सुताने भरणारी एक बाई शनीची कडी पाहते, तिला ते सूत वाटते, आणि ते गुंडाळून आणायला ती अवकाशात जाते. शब्द माझे, ताल हणमंतचा. विजेची गिटार आमच्या गल्लीतल्या शिवशरणने स्वतः बनवली. त्याचे लाउडस्पीकरचे दुकान आहे, टेपरेकॉर्डरही त्याचाच. शब्दांवरचा माझा हक्क या दोघांना मिळावा.

४. पाचव्या गाण्यात शनीवरून एका बाईचा आवाज येतो. तो आवाज माझ्या आईचा आहे.

शेजारच्या यंत्रमागांच्या शेडला सुट्टी असेल तेव्हाच आम्ही टेप करायचो. त्या दिवशी मालकांनी सुट्टीतही माग चालू केले. व्होल्टेज पडले, टेपचे चाक मंदावले, आणि बी.एस्सी. असूनही माझ्या ते लक्षात आले नाही. आई चहा घेऊन आली होती. मी म्हटले, “आई, कांड्या भरताना गुणगुणतीस तसं गुणगुण की.” पुढे व्होल्टेज पुरे असताना टेप लावली, तर तिचा जड, घोगरा आवाज पातळ होऊन काचेसारखा वाजू लागला.

“कुनाला सांगू नगं,” शिवशरण म्हणाला. “ही बाई हितली न्हायच. शनीवरची हाय!”

गेल्या वर्षी गणपतीच्या मंडपात गाणे लावून त्याने सगळ्यांना तेच सांगितले. त्याच वर्षी आपला उपग्रह वर गेला होता, लोकांना पटले. बायका शनिवारी त्याच्या दुकानातल्या कर्ण्यापुढे तेलाची वाटी ठेवू लागल्या. त्यांत आईही होती. मला म्हणाली, “कोन गं ही बाई? लई लांबनं बोलतीया.” मुलांना रोज खरे बोलायला शिकवणारी मी गप्प राहिले. आमच्या गाण्याची दंतकथा झालेली मला आवडत होती.

आता मुंबईची एक कंपनी तबकडी काढते आहे आणि वेष्टनावर ‘आवाज : अज्ञात’ छापायचे म्हणते. म्हणून माझ्या मृत्यूनंतर मूळ टेप आईला द्यावी, तिला सर्व खरे सांगावे, आणि तिच्या नावाशिवाय तबकडी निघू देऊ नये.

५. शिवशरणवर माझा राग आहे. पण अफवा त्याची आणि मौन माझे, म्हणून निम्मा राग मी माझ्याकडे ठेवते. त्याने नेलेला माझा ट्रान्झिस्टर त्याच्याकडेच राहू द्यावा. तसाही तो परत करणार नव्हता.

पुरवणी. सही करण्यापूर्वी हे सर्व आईला वाचून दाखवले.

“मेल्यावर सांगनार व्हतीस व्हय?” ती म्हणाली. “मग मी भांडू कुनासंगं? लाव आत्ताच.”

शिवशरणला बोलावले. तो टेपरेकॉर्डर घेऊन आला, मान वर करीना. मी फिरत्या चाकावर बोट हलकेच टेकवले. आवाज उतरत उतरत आईचा झाला, शेवटच्या खोकल्यासकट.

“आगं बया! ह्यो तर माजाच खोकला. म्हंजी मी मलाच त्याल वाहिलं की!”

“काकी, चुकलं माजं.”

“चुकलं तर चुकलं. तबकडीवर नाव घाल. सारजा जोतीराम थिटे, पुरं. आन कस्तुरे, बोट काड. ती लांबची बाई हाय तशी वाजू दे. पन ती साखर पेठंत ऱ्हाती, हे लोकास्नी ठावं पायजे.”

टेप मी तिच्या हाती दिली. आता ती माझी नाही, आणि जे माझे नाही ते मृत्यूनंतर देण्याचा मला अधिकार नाही. म्हणून कलम चार मी स्वतः एका रेघेने, वाचता येईल असे खोडले आहे. कंपनीला पत्र आजच लिहिले. त्याखाली माझी सही नाही, आईचा अंगठा आहे. बाकीची कलमे कायम.

(सही) कस्तुरा जोतीराम थिटे

खोडलेल्या कलमासह वरील मजकुरावर कस्तुरा यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही :
१. गुरुबसप्पा शिवलिंगप्पा हत्तुरे, शेडमालक
२. त्रिंबक आबासाहेब माने, शाळेतील कारकून

सोलापूर, दि. ११ मार्च १९७६