आभारांत न बसणाऱ्या बाई

तीर्थरूप आत्यास,

नमस्कार. साष्टांग लिहायचा होता, पण शाळेच्या सभागृहातल्या लोखंडी खुर्च्या उचलून कंबर धरली आहे, आणि जे करता येणार नाही ते कागदावरही लिहू नये हे तूच शिकवलंस. तेव्हा हा उभ्याउभ्याचा नमस्कार गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? गोळ्या वेळेवर घेतेस, की आल्यागेल्याला दाखवायला कपाटात ठेवल्या आहेस? वरच्या मजल्यावरच्या बाई अजून दुपारी फर्निचर सरकवतात का? इकडे सगळं ठीक आहे. (हे वाक्य पत्रात असावं लागतं म्हणून लिहिलं. पुढे वाच.)

मी शाळेच्या पालक मदत मंडळात गेले हे तुला माहीत आहे. का गेले ते सांगायचं राहिलं होतं. माझ्या लेकीला तू पहिल्यांदा पाहिलंस तेव्हाच भिंगरी म्हणालीस, आणि तशीच ती सगळीकडे फिरते, फक्त पुस्तकासमोर थांबते. अक्षरं तिच्यापुढे उभी राहत नाहीत. ‘कमळ’ पुढून वाचायला घेते आणि मागून बाहेर पडते. अशा मुलांसाठी शाळेत वाचनाच्या एक बाई येतात. जिन्याखालच्या खोलीत बसतात. तिथे आधी बादल्या आणि खराटे होते, अजूनही एक खराटा आहे. बाईंकडे खरखरीत कागदाची कापलेली अक्षरं आहेत, मुलं त्यांच्यावरून बोट फिरवतात. शाळेकडे त्यांच्यासाठी पगार नाही, तो मंडळ देतं. मंडळ त्यासाठीच निघालं, असं जुने पालक सांगतात. भिंगरी बाईंकडे जायला लागली आणि सहामाहीपर्यंत रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लागली. पूर्ण नाही, दुकानदार दुकान बंद करेल इतक्या वेळात अर्धी. पण मी केशकर्तनालयाच्या पाटीखाली फुटपाथवर उभी राहून रडले, लोकांना वाटलं मला केस कापणं परवडत नाही.

तेव्हा मंडळात गेले. अध्यक्षबाई चांगल्या आहेत. (हे मी न्यायबुद्धीने लिहिते आहे.) उंच, प्रसन्न, आणि कोणत्याही बातमीला ‘वा!’ म्हणणाऱ्या. खजिनदार हे दातांचे डॉक्टर, त्यामुळे ते बोलायला लागले की सगळ्यांची तोंडं आपोआप मिटतात. पहिला उपक्रम केकविक्रीचा. सगळ्यांनी घरी केक केले आणि सगळ्यांनी एकमेकांचे विकत घेतले. माझा कोणी घेईना, तेव्हा मीच घेतला, तोही घासाघीस न करता. घरी हे म्हणाले, पीठ आपलं, साखर आपली, गॅस आपला, पैसेही आपलेच, मग सरळ पाकीट का नाही देत? मी म्हटलं, त्याला उपक्रम म्हणत नाहीत. तरीही पैसे जमले, आत्या. जुन्या गणवेशांच्या विक्रीत जमले, रोपांच्या विक्रीतही जमले. वाचनाच्या बाईंचं वर्षाचं भागून थोडे उरतील इतके. इथेच कोणी मला घरी पाठवायला हवं होतं.

आता तुझी थोडी तक्रार करते, राग मानू नकोस. मी शाळेत जायच्या आधी तुझ्या स्वयंपाकघरात शिकले. परातीतल्या पिठात बोटाने अक्षरं काढली आणि पेला हातात दिला तरी आभार मानायला शिकले. जिना झाडणाऱ्या मावशी, दार धरून उभा राहिलेला अनोळखी माणूस, कोणाचे आभार राहिले की तू मला चपला घालून परत पाठवायचीस. (एकदा तो अनोळखी माणूस बसमध्ये चढला होता. तरी पाठवलंस.) तर केकविक्रीनंतरच्या सभेत अध्यक्षबाईंनी सगळ्यांचे आभार मानले आणि एका मुलाच्या वडिलांचे राहिले. ते वायरमन आहेत, त्यांनी घरून लांब वायर आणून दिली होती म्हणून सभागृहात पंखे फिरले. ते मागच्या रांगेत वायर गुंडाळत बसले होते. मी हात वर केला.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “अगं बाई, खरंच की! वा! किती बारीक लक्ष गं तुझं!” आणि तिथल्या तिथे ठराव झाला की यापुढे कोणाचेही आभार राहू नयेत आणि ते पाहण्याचं काम माझं. मी आभारप्रमुख झाले.

वायरमनना कुंडी दिली, रोपविक्रीतलीच उरलेली. त्यावर टेबलं उचलणारे म्हणाले, वायर जड की टेबल? रास्त होतं. त्यांनाही कुंड्या दिल्या. ज्यांनी कुंड्या वाहून आणल्या त्यांचं काय? तेही रास्त होतं. आत्या, मला एकही मागणी अन्यायाची वाटली नाही, हेच माझं दुर्दैव. मग एका आईला फुलांची शिंक येते म्हणून कुंड्या बंद झाल्या आणि लाकडी ढाली सुरू झाल्या, वर पितळी पट्टी, पट्टीवर कोरलेलं नाव. ढालीवाल्या दुकानदाराने आमच्यासाठी दर थोडा उतरवला. म्हणजे त्यानेही मदत केली. म्हणजे त्यालाही ढाल. ती त्यानेच केली, बिल आम्हाला लावलं, आणि आम्ही टाळ्यांच्या गजरात त्याची ढाल त्याला परत दिली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं, इतकं चांगलं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नसणार.

दर वेळी ठराव माझ्या तोंडाकडे बघून व्हायचा. कोणाचं राहिलं का, म्हणून अध्यक्षबाई विचारायच्या, आणि मला प्रामाणिकपणे कोणीतरी आठवायचं. दातांचे डॉक्टर एकदा हळूच म्हणाले, “बाई, जरा विसरायला शिका की.” मला वाटलं, काय हा माणूस! आता वाटतं, काय तो माणूस.

शेवटी सगळ्या ढाली एकत्र द्यायच्या म्हणून आभारसोहळा झाला. ध्वनिक्षेपक आला, भाड्याच्या खुर्च्या आल्या, त्या मांडणाऱ्यांसाठी जादा ढाली आल्या. सोहळा फार सुंदर झाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सभेत उभं राहून सांगितलं की मंडळाकडे आता शिल्लक म्हणून काही नाही, तेव्हा वाचनाचा वर्ग तूर्त स्थगित. ‘तूर्त’ हा शब्द त्यांनी दात काढायच्या आधी ‘दुखणार नाही’ म्हणतात तसा म्हटला.

मी उठले. वर्ग थांबला तर माझ्या मुलीसह चौदा-पंधरा मुलं मधेच अडकतील, वार्षिक परीक्षेत वाचता आलं नाही तर त्यांना त्याच वर्गात बसवणार आहेत, हे सगळं बोलले. घरी आरशासमोर जे म्हणून दाखवलं होतं त्याहून बरं बोलले. अध्यक्षबाईंनी डोळे टिपले आणि अशी कळकळ दुर्मीळ असते असं म्हणून माझ्या भावनांबद्दल माझे आभार मानण्याचा ठराव मांडला. एकमताने मंजूर झाला. माझा हातही सवयीने वर गेला होता.

मग मी निदान एवढं विचारलं की बाईंना ढाल का नाही? वर्षभर काम तर त्यांनीच केलं. अध्यक्षबाई खरोखर गोंधळल्या. “अगं, पण त्यांना पगार होता ना? त्या स्वयंसेवक कुठे? आभारांत नाही बसत त्या.”

(दरम्यान मी ढालीवाल्याकडेही जाऊन आले, आमच्या ढाली परत घेतोस का विचारायला. तो म्हणाला, ताई, कोरलेलं नाव कोणी परत घेत नाही. चहा पाजला. मी त्याचे आभार मानले. मानले, काय करू?)

बाई जिन्याखाली आपली अक्षरं बिस्किटांच्या डब्यात भरत होत्या. मी दारात उभी राहून आभार मानले. त्या म्हणाल्या, “राहू द्या हो. माझ्या घरी ठेवायला जागा नाही.” रागाने नाही, दमलेल्या माणसासारखं म्हणाल्या. मग डब्याला झाकण लावताना म्हणाल्या, “तिला ओळीखाली बोट ठेवू द्या. काढायला लावू नका.” आणि गेल्या. खराटा तिथेच आहे.

माझी ढाल सगळ्यांत मोठी आहे. घरी आणली तर भिंगरीने पट्टीखाली बोट ठेवलं, सरकवलं, मधेच थांबवलं आणि म्हणाली, “आई, हे इतकं अवघड कोणासाठी लिहिलंय?”

तर असं आहे. गुडघ्याला जप. पत्र लांबलं, पण सांगायला दुसरं कोणी नाही. मोठ्यांना नमस्कार लिहायचा तर आता तूच मोठी, तो वर लिहून झाला आहे.

तुझी,
माजी आभारप्रमुख भाची

ता.क. खरं काम लिहायचं राहिलं. परीक्षेपर्यंत इकडे येऊन राहशील का? आम्ही आता तळमजल्यावर आहोत, गुडघ्याला एकही पायरी नाही. परात आहे, पीठ आहे. पैसे देऊ केले तर तू येणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून फुकटच मागते आहे. भिंगरीने विचारलं, आजी ओरडते का? मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, ओरडू दे, पण बोट काढायला लावू नको म्हणावं.

ता.क. आलीस तर शाळेच्या फाटकापाशी कोणाशी बोलू नकोस. का आलीस ते कळलं की तू स्वयंसेवक ठरशील आणि मंडळ पुढच्या वर्षीच्या केकविक्रीतून तुला ढाल देईल.

ता.क. आतल्या खोलीतला पलंग डुगडुगायचा. आता डुगडुगत नाही. ढाल बरोबर बसली, कोरलेली बाजू खाली.

ता.क. या पत्रात तुझे आगाऊ आभार कुठेही मानलेले नाहीत. दोनदा वाचून खात्री केली आहे. रागावलीस तर चपला घालून ये आणि समोर घे.