'थकले'चा काना

ता. ४ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. आणि विनंतीऐवजी या वेळी बातमी विशेष.

आधी खुर्चीवर बस. बसलास? 'अथांग' माझ्याकडे आलं! संपादकबाईंचा काल दुकानात फोन आला. मी एका आजोबांच्या डोळ्यांचा नंबर काढत होते. ते बिचारे तीच ओळ चार वेळा वाचत राहिले आणि मी फोनला चिकटून उभी. लेखक गेल्यापासून दोन वर्षं मासिकातली ही मालिका ३९९व्या भागावर लटकली आहे, हे तुला मी काय सांगायचं! चारशेव्या भागासाठी सात जणांनी पहिलं प्रकरण लिहून दिलं होतं, त्यातलं माझं निवडलं. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि येतं तेव्हा तू ऐकत नाहीस, म्हणून पत्र.

मात्र एक मेख आहे. अठ्ठावीस तारखेला तुमच्या गावात वाचकमेळावा आहे. तिथे माझं प्रकरण वाचून दाखवतील. मी यायचं नाही, कारण मी समोर असले तर लोक भिडेखातर गप्प बसतील. मग हात वर करून कौल. लोकांनी नाकारलं तर मालिका कायमची बंद.

आणि माझं प्रकरण उभं आहे ते चाळिसाव्या भागातल्या त्या एका शब्दावर. अंतराळयानाचा मेंदू, म्हणजे आपला सुकाणू, ३९९ भाग पुरुषासारखा बोलतो. चाळिसाव्या भागात मात्र एकदाच म्हणतो, 'आता मी थकले. पण थांबणार नाही.' माझ्या कथेत सुकाणू आता कबूल करतो की तो मुळात एक बाई आहे, यानाची पहिली चालक, आणि इतकी वर्षं ती आवाज बदलून बोलत होती.

तू पडलास कानावाल्यांचा म्होरक्या. 'थकलो'तला काना छपाईत गळला आणि 'थकले' उरलं, असं संपादकांना लिहून लिहून तू त्यांचे कान किटवलेस. मी पक्की मात्रावाली, जे छापलं तेच खरं म्हणणारी. पण त्या प्रेसमध्ये प्रुफं तूच वाचत होतास आणि आई अक्षरांचे खिळे जुळवत होती. आईला विचारलं की ती विषय बदलते. म्हणून तुला विचारते, तो शब्द खरंच चुकीचा होता का रे? प्रकरण सोबत जोडलं आहे. आईलाही दे.

लोभ आहे तेवढा पुरे, थोडी दया असावी.
तुझी भाची


ता. १० फेब्रुवारी

चि. भाचीबाईस,
अ. आ. (पैकी निम्मे मेळाव्यानंतर देईन.)

तुझं पत्र मी आमच्या कानावाल्या घड्याळजींना वाचून दाखवलं, समोरच्या वाचनालयात वाचलं आणि जिन्यात भेटलेल्या टपालवाल्यालाही सोडलं नाही. तो म्हणाला, मीच आणून दिलंय हो पत्र! म्हटलं, आणून दिलंस, पण आत काय आहे ते कुठं ठाऊक होतं तुला? छाती अशी फुगली आहे की सदऱ्याची गुंडी तुटली. ताईनं ती लावून दिली.

प्रकरण वाचलं. बेटा, तू लिहितेस झकास. पण पाया कच्चा आहे, तर मामा म्हणून गप्प कसा बसू? काना गळला होता. मी स्वतः प्रेसमध्ये होतो. खिळा सैल पडतो, यंत्राच्या धक्क्यानं निसटतो, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. मेळाव्याला कानावाले झाडून सगळे येतील. घड्याळजी तर चाळिसावा भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणतात आणि भिंगातून ती रिकामी जागा दाखवतात. ते तुला फाडून खातील गं. सुकाणूला सुकाणूच राहू दे, दुसरं काहीतरी सुचव.

ताईनं प्रकरण दोनदा वाचलं. कुंड्यांना पाणी घालायला गेली आणि एकाच कुंडीत इतकं पाणी ओतलं की खालच्या बिऱ्हाडातून ओरडा झाला.

राग धरू नये, लोभ धरावा.
तुझा हट्टी मामा


ता. १५ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न., वि. वि. काही नाही.

तुझं पत्र पोचलं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी नाक मुरडलं असतं. पण तू प्रुफं वाचणारा माणूस, माझं पहिलं निबंधाचं पान तांबड्या शाईनं रंगवणारा. तू चूक म्हणतोस म्हणजे चूक.

मग मला नाही जमणार. लहानपणापासून ही मालिका वाचत वाढले रे मी. गळलेल्या खिळ्यावर मी चारशेवा भाग रचला, तर ती वाचकांची फसवणूक होईल. आणि तो शब्द काढला तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. मला ही मालिका लिहायची होती ती त्या 'थकले'साठी. संपादकबाईंना नकाराचं पत्र लिहून टेबलावर ठेवलं आहे. सोमवारी टाकेन.

आईला यातलं काही सांगू नकोस. ती उगाच मनाला लावून घेईल.

लोभ असो.
भाची


ता. १८ फेब्रुवारी

चि. सोन्यास,
आईचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी वाचलं. मामानं दिलं नाही, त्याच्या चष्म्याखाली सापडलं. मला पत्र लिहायची सवय नाही. जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं जुळवलं. तेव्हा गोड मानून घे, आणि ते नकाराचं पत्र आधी फाड.

काना गळला नव्हता.

आमच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीत, काना आणि वरची मात्रा मिळून एकच खिळा होता. तो निसटला असता तर 'थकल' उरलं असतं. 'थकले' व्हायला मात्रेचा वेगळा खिळा दुसऱ्या खणातून हातानं उचलावा लागतो. तो मी उचलला. घड्याळजींच्या भिंगाला हे कसं दिसणार?

तू पोटात होतीस, सातवा महिना होता. जुळवणी उभ्यानंच करायची. अंक उशिरा चालला होता आणि पाय सुजून चपलेत मावत नव्हते. मी वाक्य पुटपुटत खिळे लावत असे. 'आता मी' एवढं पुटपुटले आणि पुढचं माझंच तोंडातून आलं, तसंच ते हातातून उतरलं. कागदावर सुकाणू होता, पण बोलत मी होते. मामानं प्रूफ वाचलं, तर त्यालाही खटकलं नाही. दिवसभर माझ्या तोंडून तो तेच ऐकत होता.

अंक निघाल्यावर लेखक प्रेसमध्ये आले. ही ओळ कुणी जुळवली म्हणून विचारलं. मालक आधीच माझ्या पोटाकडे बघून कुरकुर करत होते, त्यांना निमित्तच हवं होतं. मामा मध्ये पडला आणि काना गळला म्हणाला. खिळ्यावर ढकललं की माणूस सुटतो. तेव्हापासून बत्तीस वर्षं तो तेच म्हणतो आहे, आता त्याचं त्यालाही खरं वाटत असेल. त्याच्यावर रागावू नकोस.

लेखकांनी शुद्धिपत्र छापू नका, एवढंच मालकांना सांगितलं. जाताना दारात थांबले आणि मला म्हणाले, बाई, बसायला एक स्टूल मागून घ्या. त्यांना सगळं कळलं होतं.

इतकी वर्षं मला या चुकीची लाज वाटत होती. परवा तुझं प्रकरण वाचलं. तू त्या बाईला जे बोलायला लावलंस ते मी कुणालाही बोलले नव्हते, तुलाही नाही. तुला कसं कळलं गं? आता लाज वाटत नाही. लिही तू.

तब्येतीला जप. पत्र पोचल्याचं कळव.
तुझी आई


ता. १ मार्च

चि. भाचीबाईस,
अ. आ., राखून ठेवलेल्यांसह.

कौल तुला संपादकबाईंनी कळवलाच असेल. एकशे बारा हात वर आणि नऊ खाली. पण तिथं काय झालं ते मीच सांगणार.

तुझं प्रकरण वाचून होताच घड्याळजी पिशवीतून अंक काढून उभे राहिले. गळलेल्या कान्यावर मालिकेचं भवितव्य टांगू नका म्हणाले. निम्म्या सभागृहानं टाळ्या पिटल्या आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठलो. सरळ सांगून टाकलं की काना गळला नव्हता, मी तुम्हा सगळ्यांना बत्तीस वर्षं शेंडी लावली, आणि का लावली ते माझं मला ठाऊक आहे. ताईचं नाव मी घेणार नव्हतो. तिनं घ्यायला सांगितलं नव्हतं.

तर ही आपली पाचव्या रांगेतून उठली! मला खाली बसायला लावलं, वर म्हणाली, तू फार बोललास. मग फळ्याजवळ गेली, खडूनं ओकाराचा खिळा काढला, मात्रेचा वेगळा काढला आणि कुठला कुठल्या खणात असायचा ते दाखवलं. तुला लिहिलं ते सगळं सांगितलं, सुजलेल्या पायांसकट. आवाज जरासुद्धा कापला नाही गं. घड्याळजींनी विचारलं की म्हणजे शेवटी ती चूकच ना? ताई म्हणाली, हो, चूक. माझी चूक. आणि आज पोरगी ती पुढं लिहायला निघाली आहे, तर तुम्ही दुरुस्त करू नका.

घड्याळजींनी भिंग खिशात घातलं आणि सगळ्यांत आधी हात वर केला तो त्यांनी. मी रडलो, लिहायला लाज कसली.

नंतर लोक चाळिसावे भाग घेऊन ताईभोवती जमले. सही हवी म्हणे! तिनं आधी कावऱ्याबावऱ्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग खुर्ची ओढून ऐटीत बसली. एकोणीस अंकांवर तिनं त्या ओळीखाली सही केली आणि प्रत्येक सहीपुढे लिहिलं 'कंपोझिटर'. पहिल्या अंकापासून त्या मासिकावर लेखकाचं नाव आहे, चित्रकाराचं आहे, मालकाचं तर तीन ठिकाणी आहे. जुळवणाऱ्या बाईचं नाव काल पहिल्यांदा उमटलं, आणि तेही तिच्या स्वतःच्या हातानं.

चारशेव्या भागाची प्रुफं इकडेच पाठव. ताई म्हणते, ती वाचेल. मी नुसता शेजारी बसेन.

लोभ करशील तेवढा कमीच पडेल, तरी करावा.
तुझा मामा, आजपासून मात्रावाला