आमटीत कुस्करलेलं तिळस्तान

सोम. २ फेब्रु.
सकाळी दुकान. पेठेत गाडी लावायची मारामारी. गिऱ्हाईक कमी, बघेच जास्त.
घरी आलो तर नात गौरी आन् तिची मैत्रीण लावण्या हॉलभर कागद पसरून. शाळेनं सांगितलंय, जोडीजोडीनं एक खोटा देश तयार करा. नकाशा, चालीरीती, धंदापाणी, सगळं मनानं. म्हणालो, "हाय तो देश पाठ झाला का?" गौरी म्हणाली, "अज्जा, तुम्ही गप बसा जरा." लावण्या हसली. शहराच्या पूर्व भागातली पोर, बाप यंत्रमागावर. घरात तेलगू, पण मराठी चुरूचुरू.

मंगळ. ३
देशाचं नाव तिळस्तान. तिथली लोकं तिळाचं तेल इकत्यात आन् त्या पैशात शेजाऱ्याकडनं सावली घेत्यात. इचारलं, शेजाऱ्यानं सावली दिली न्हाय तर? लावण्या म्हणाली, "मग देशाला सुट्टी." पाहुण्यानं आधी गाणं म्हणायचं, मग पाणी मिळणार. कुठल्याच घराला दार न्हाय. म्हणालो, "दारं नसल्यावर देश चालायचा न्हाय." कुणी ऐकलं न्हाय.
जाताना दोघींची समुद्र कुठल्या बाजूला यावरनं जरा चकमक. रोजचंच.

बुध. ४
दुपारी घरात कुणी न्हाय. शेंगदाण्याची आमटी होती. कडक भाकरीचा डबा सापडंना. फ्रीजवर ताटात एक भाकरी, रुमालाखाली, कडंला तुटकी. माझ्या थोरल्या बहिणीनं, मंद्रूपच्या अक्कानं पाठवलेल्यातली. कुस्करली, खाल्ली, दुकानाला गेलो. जरा करपलेली होती.

संध्याकाळी कळलं. ती भाकरी म्हंजे पोरींचा देश होता.
करपलेले डाग म्हंजे डोंगर. तुटकी कड समुद्र. एकेक तीळ एकेक गाव, त्यांना नावं दिलेली. आज वरनं वॉर्निश लावणार होत्या. गौरी रडून लाल. सूनबाई महानंदानं इचारलं, "मामा, तुम्ही बघितली का हो ती भाकरी?" म्हणालो, "भाकरीला कोण बघत बसतंय." खोटं न्हाय तसं. खरं बी न्हाय.
लावण्या दुपारीच रंग ठेवून गेली होती. किल्ली शेजारी असती, तिला ठाऊक. गौरी म्हणाली, तिनंच नेली, समुद्रावरनं भांडली म्हणून.
मी पेपर वाचत होतो. म्हंजे धरून बसलो होतो.

शुक्र. ६
जोडी फुटली. बाई म्हणाल्या, भांडता तर वेगळे देश करा.
गौरीनं तिला वर्गात सगळ्यांपुढं म्हटलं म्हणे, "तुमच्या घरात भाकरी मिळत नाही का?" महानंदानं सांगितलं. एवढ्याशा पोरीच्या तोंडात हे आलं कुठनं? हितनंच आलं असणार. आमी बोलतो, ती ऐकती.
जेवताना सांगणार होतो. तोंड उघडलं बी. तेवढ्यात महानंदा म्हणाली, "पोरींचं काय मामा, आज भांडतील, उद्या गोड होतील." मला तेवढंच पायजे होतं. ताक मागितलं.
उगा एका भाकरीसाठी एवढं...

रवि. ८
यष्टीनं मंद्रूप. अक्काला म्हणालो, चूल पेटव, एक भाकरी थाप, मी सांगतो तिथं करपव.
"जन्मभर करपली म्हणून ताट सरकवलंस की रं. आता करपव म्हणतोस?"
"करपव गं. इचारू नको."
"बरं, कुटं करपवू?"
ते काय मला सांगता येईना. खाल्ली होती मी, बघितली कुटं होती. हितं जरा, तितं जरा, असं करत बसलो. अक्का कन्नडात कायतरी पुटपुटली, ते लिहीत न्हाय. पाच-सहा भाकऱ्या बांधून दिल्या, एकाला एक डाग जुळंना.
घरी आणून गौरीपुढं ठेवल्या. तिनं एकेक उलटीपालटी करून बघितली, नीट बघितली. म्हणाली, "अज्जा, ह्या भाकऱ्या आहेत."
म्हणालो, डोंगर कुटं होते सांग, कोळशानं काढू. म्हणाली, "समुद्र मी केला होता. डोंगर लावण्याचे. मला नाही येत डोंगर."

सोम. ९
गौरीचा नवा चार्ट झाला. चौफेर समुद्र, मधी एक बेट. डोंगर न्हाईत. खाली सुबक अक्षरात: प्रत्येक घराला दोन दारे. परक्यांना बंदी. चोरांना देशाबाहेर काढले आहे.
महानंदानं लई कौतुक केलं. गौरी माझ्याकडं वळली, "अज्जा, आता चालेल ना देश? दारं लावलीत बघा."
मी मान हालवली.
दुकानातल्या कामाच्या पोरानं दोनदा इचारलं, बरं न्हाय का. त्याच्यावरच खेकसलो.

मंगळ. १०
लावण्याच्या घरी गेलो. गल्लीभर मागांचा खडखडाट. बापानं खुर्चीवरचं सूत झाडून बसायला दिलं, आईनं चहा टाकला. कशाला आलात, कुणी इचारलं न्हाय. त्यानंच जास्त अवघड झालं.
पोरगी समोर आली. म्हणालो, भाकरी मी खाल्ली. आमटीत.
तिनं बापाला तेलगूत सांगितलं. तो हसायला लागला, थांबंना. "खायचीच वस्तू की काका, त्यात काय."
ती हसली न्हाय. म्हणाली, "गौरीला सांगितलं?"
"न्हाय अजून."
"मग मला काय सांगता अज्जा? मी नेली नाही, हे मला माहीतच होतं."
चहा तसाच राहिला असता, बापानं आग्रह केला म्हणून प्यालो. निघताना इचारलं, येशील का घरी. ती आत गेली.

बुध. ११, सकाळी
गौरी आंघोळीला गेलीय. चार्ट गुंडाळून सोफ्यावर. आज शाळेत द्यायचा हाय.
बाहेर आली की सांगायचं. महानंदा बी हाय स्वयंपाकघरात, तिच्यासमोरच. भाकरी मी खाल्ली, लावण्यानं न्हाय. एवढंच की. त्याला काय लागतंय.
पण ती इचारंल, मग इतके दिवस गप का बसलात? भाकरीचं काय न्हाय, ती रडंल आन् इसरंल. ह्याचं काय सांगू? लाज वाटली म्हणू? नातीपुढं?
ती लावण्याला चोर म्हणाली तवा मी हितंच होतो, आन् म्हणू दिलं.
न्हाणीतलं पाणी बंद झालं.